झोपड्या दिसल्या की वाजणारा ढोल

आमच्या घरात संध्याकाळी आठला एक ढोल वाजतो. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेत गावाबाहेरच्या झोपड्या दिसल्या की तो संथ, जड ठेका सुरू होतो. कुणी अजून काही केलेलेही नसते. तरी मन ठरवून मोकळे होते, की चोर इथलाच. ऐकता ऐकता माझ्या कानांनी असे किती निवाडे देऊन टाकले असतील?

गेल्या रब्बीत शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. एकशे दहा फूट. जानेफळच्या दुकानातून आम्ही दोघांनी मोजून आणलेली. तिसऱ्या दिवशी पोलीस जमादार माझ्याकडे आले, ते लिहून तयार असलेला पंचनामा घेऊनच. केबल किसन पारध्याच्या झोपडीत सापडली होती म्हणे. याच किसनने दोन हंगाम रानडुकरांपासून माझा हरभरा राखला होता. "त्यायचंच काम हाय भाऊ. पंच म्हणून सही करा. तुमी कायले तिथपरेंत पायपीट करता?" खताच्या गोण्या दोनदा मोजणारा मी, तो कागद न वाचताच सही करून बसलो. आत कुठेतरी ढोल वाजत होता ना!

चार महिन्यांनी साक्षीचे समन्स आले. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी पंचनामा वाचायला दिला, तेव्हा जप्त केबलचा आकडा दिसला: सलग दीडशे फूट. किसन माझ्या त्या सहीपासून कोठडीतच होता. पायरीवर बसलेली त्याची बायको एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमी तं आमाले वळखता."

पिंजऱ्यात उभा राहून मी सांगितले, की सही माझी आहे, पण त्या झोपडीत मी पाऊल ठेवलेले नाही. आणि एकशे दहा फुटांतून सलग दीडशे फूट निघत नाहीत. जमादार खिडकीबाहेर पाहत राहिले. निकाल अजून लागायचा आहे. परत नेताना किसन माझ्याजवळ क्षणभर थबकला. "तवाच वाचाले पाह्यजे होतं, भाऊ," म्हणाला, आणि पुढे गेला. चार महिन्यांचे माप याहून नेमके कोण सांगणार?

त्या संध्याकाळी आठला झोपड्या पुन्हा दिसल्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला. "काऊन बंद केला? काही समजून नाही राह्यलं," बायको म्हणाली. खरेच होते ते. एक बाई चूल फुंकत होती, दोरीवर धुतलेला शर्ट वाळत होता. आणि तो चोराचा की राखणदाराचा, हे मला पहिल्यांदाच सांगता येईना.