ऊनपाण्याच्या कुंडातला जोहार

"उपस. तुह्या मायनं बाटवलं, तूच उपस."

कुंडाच्या पुजाऱ्यानं लोखंडी बादली वरून पाण्यात फेकली. पाणी माह्या तोंडावर उडालं. मी कमरेइतक्या गरम पाण्यात उभी, लुगडं अंगाले चिकटलेलं. बायांची वेळ होती, तरी गडीमाणसं काठावर येऊन उभी. त्यांच्यापासून दहा हात लांब माही माय. उकिडवी बसलेली, हात जोडून. अंगावरून पाणी निथळून राह्यलं होतं. थंडीचे दिवस. कोणी तिच्या अंगावर फडकं टाकलं नाही.

बुद्धाची दीक्षा घेतल्याचं दुसरं वर्ष होतं ते. आम्ही बोरी अरबचे. मायचे गुडघे धरले होते. जल्मभर लोकाइच्या आंगणात लाकडं फोडली, परहाटीत वाकून कापूस येचला, शेवटी पाय सरळच होईनात. भिंत धरून उठे. परसाकडे न्यायले मी लागो. दारव्ह्याच्या एका वैद्यानं सांगितलं, डोंगरात ऊनपाण्याचं गाव आहे, पाच दिवस तिथं गळ्याइतक्या पाण्यात बसवा, पाय मोकळे होतील. नवरा कापसाच्या जिनात कामाले, त्याले सुटी नाही. मंग मीच निघाली. थोडं मोटारीनं, थोडं बंडीत. शेवटचा चढ मायले पाठीवर घेऊन चढली.

तिथली रीत साधी. वरचं कुंड त्यांचं. त्यातून नालीनं जे वाहून खाली जाये ते डबक्यात साचे. डबकं आमचं आन् ढोराइचं. खाली येईस्तोवर पाणी गार होऊन जाये, वरून त्यात वरच्याइच्या अंगाचा मळ. अशा पाण्यानं गुडघा कसा सुटन? मी खाली गेलीच नाही, मायले सरळ वर नेलं. कोणी इचारलं नाही, मी सांगितलं नाही. मायच्या अंगावर दीक्षेतलं पांढरं लुगडं होतं. पाहणाऱ्याले वाटलं असंल, कोणी भक्तीण आहे. हो, लपवलं मी. आता त्याची लाज वाटते. तव्हा निस्तं भेव वाटे.

पाण्यात मायच्या बाजूले एक म्हातारी पाटलीण बसे. तिचेही गुडघे तसेच. पहिल्याच दिवशी दोघींची गट्टी जमली. तिनं मायचे गुडघे सोताच्या हातानं चोळले. बोटं कशी फिरवायची, कुठं दाबायचं, ते मले दाखवलं. लेकीवाणी बोले माह्याशी. आन् तिसऱ्या दिवशी मायचा उजवा पाय सरळ झाला. पार सरळ. माय पाण्यात बसल्या बसल्या हासली. मी तिले तशी हासताना कधी पाह्यलंच नव्हतं.

निघताना पाटलिणीनं मायच्या पुढं गुळाचा खडा धरला. मायचे हात जुळले, मान वाकली.

"जोहार, मायबाप."

झालं. साठ वर्षाची सवय. वस्तीत आम्ही तिले कितीदा सांगितलं होतं, आता तो महारकीचा जोहार नाही, जयभीम म्हणायचं. म्हणेही बिचारी. पण कोणी मायेनं काई देल्लं की तिच्या आतून तेच निघे. ते तिनं लहानपणी बोलायच्याही आधी शिकलं असंल.

पाटलिणीनं हात झटकला. गूळ पाण्यात पडला. ज्या हातानं मायचे गुडघे चोळले, तो हात ती दगडावर घासाले लागली. पहिली बोंब तिनंच मारली. पुजाऱ्याचा नाही इतका राग मले तिचा आला. अजून येते.

मंग ती बादली. आन् मी उपसलं. खोटं कायले सांगू? वीस-पंचवीस बादल्या बाहेर फेकल्या. वाटलं, लवकर उरकन आन् मायले घेऊन पळता येईल. हात लालबुंद झाले. पण पाणी कमरेखाली उतरेच ना. तळाच्या भेगेतून बुडबुडे येतच राह्यले. मी एक बादली काढो, खालून दुसरी भरलेली तयार.

तव्हा माहं डोस्कं भणकलं. तीन दिवस माय याच पाण्यात होती. तीन दिवस हे लोकं तिच्या बाजूले बसून न्हाले, कोणाच्या अंगावर फोड आला नाही. हे पाणी जमिनीतून येते. कोणाच्या बापानं घागरी भरून आणलं नाही. मंग मी काहून उपसून राह्यली?

बादली सोडून देल्ली.

"उपसत नाही," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहो. तुमाले पाणी बाटलं वाटत असंल, त तुमी उपसा."

एक दगड आला, कपाळाले लागला. रक्त डोळ्यात उतरलं. मी तशीच उभी राहून मायले हाक मारली. "ये माय. पाण्यात ये. अजून दोन दिवस बाकी आहेत तुह्ये."

माय आली नाही. ती मलेच हात जोडाले लागली. लोकाइले नाही, मले. पोटच्या पोरीले. दगडापेक्षा ते जास्त लागलं. मी वर आली, तिले पाठीवर घेतलं आन् त्या लोकाइच्या मधातून निघाली. वाट त्याइनंच सोडली, बाटायच्या भेवानं.

माय पुन्हा कधी त्या गावाले गेली नाही. सहा वर्षांनी वारली. दोन्ही गुडघे पोटाशी आलेले. शेजारच्यांनी सरळ करायले पाह्यले, झाले नाही. तशीच नेली.

माय वारली त्याच हिवाळ्यात मी कुंडावर गेली. एकटी. काठावर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, मी बोरी अरबची, बौद्ध, जयभीम. मंग उतरली. बाया भराभर उठून गेल्या. आता दर साली जाते. आधी सांगते, मंग उतरते. कोणी शिव्या देते, कोणी लेकरं वढून बाहेर काढते. ज्याले उठायचं त्यानं उठावं.

मी उठत नाही.