शेठ जामीन, बांधी माझी

ठेकेदाराच्या घरात खडी कमी पडते, किस्से नाहीत! ओट्यावर चहा ठेवला की चार ठेकेदार जमतात आणि एकमेकांची फजिती काढतात. माझी काढायची कोणाची छाती नाही, म्हणून मीच लिहिते.

*

पन्नास सालानंतर अहेरीकडे रस्ते निघाले. आमच्या ह्यांनी नाल्यावरच्या पुलाचं कंत्राट धरलं. काम बिघडलं तर भरपाई कोण देणार, म्हणून सरकारला जामीन हवा. चांद्याचे लाकडाचे एक शेठ उभे राहिले. हे घरी आले ते मिशीला पीळ देतच.

"आता पूल वाहून गेला तरी शेठ भरेल! आपल्याले काय?"

"काऊन? शेठ तुमचा सासरा हाय का?"

तिसऱ्या दिवशी शेठचे कागद लिहिणारा अर्जनवीस दुसरा कागद घेऊन आला. सरकार शेठकडून जे घेईल, ते शेठ आमच्याकडून घेईल!

*

अर्जनवीसानं शाईची डबी थेट माझ्या अंगठ्याखाली सरकवली. तेव्हा ठेकेदारांच्या बायका तोंड फिरवून अंगठा देत. मी अक्षरं शाळेत नाही, जंगलनाक्यावर बापाच्या बांबू-वाहतुकीच्या पासांवर शिकले. कागद ओढून वाचला. ठेकेदार आणि त्याची बायको, दोघंही बांधलेले! म्हणजे बापानं मला दिलेली वडशाची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेतही त्यात गेलं.

"बाई, हा नुसता रिवाज हाय."

"मंग तुह्या बायकोचा अंगठा लाव. रिवाजच हाय नं?"

*

सही केली मी. त्याशिवाय काम मिळत नव्हतं. पण आधी दोन ओळी बदलायला लावल्या. 'या व यापुढील सर्व कामांसाठी' यातलं यापुढचं खोडलं. 'शेठ सांगतील ती रक्कम' काढून 'शेठनी खरोखर भरलेली, पावती दाखवून' असं घातलं. शेठ स्वतः धावत आले.

"बाई, माह्यावर विश्वास नाई का?"

"हाय नं! तुमचा माह्यावर असता, तं हा कागद आला असता का?"

*

मग बाकीच्या ठेकेदारांच्या बायका आपापले कागद घेऊन येऊ लागल्या. एकीचा नवरा मागोमाग आला. "तिले काय समजते त्यातलं?"

"समजत नाई, तं तिची सही कशाले पाह्यजे?"

तो चहा न पिता गेला. ती दोन कप पिऊन गेली!

*

पुरात पुलाची बाजूची भिंत गेली. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत भिंत उभी नसली, तर शेठना भरपाईची नोटीस."

शेठ तडक पुलावर आले. "बाई, बांधी आत्ताच माह्या नावानं करून ठेवा."

"पावती?"

"अजून कुठी भरले?"

"मंग ऐका. नोटीस आली तं आधी तुमचा खिसा जाते, मंग माही बांधी. भिंत उभी राह्यली तं दोन्ही वाचते. मजूर कमी हाय. कोट काढा!"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. आणि कोट काढला.

सोमवारी साहेब आले तेव्हा भिंतीमागं मुरूम भरणं चालू होतं. त्यांनी टेप लावली, ठोकून पाहिलं, "पास!" म्हणाले. कागदावर जामीनदाराची सही हवी होती. समोरून मुरमानं माखलेला एक घमेलेवाला येत होता. त्याच्यावर ओरडले, "ए, जा, शेठजींना बोलाव!"

घमेलं डोक्यावर तसंच धरून तो म्हणाला, "साहेब, शेठ मीच होय. पण एवढी खेप टाकल्याबिगर बाई सही करू देत नाई!"