आप्पांसाठी घेतलेली, कुठंही जाणारी गाडी

जुनी, महागडी फोर बाय फोर गाडी घेण्याआधी काय काय तपासावं, हे मला तोंडपाठ आहे. फक्त ते पाठ व्हायच्या आधीच मी गाडी घेतली होती.

माझे वडील, आप्पा, पेणच्या खाडीकाठचे. उभा जन्म मिठागरात गेला. तळपाय मिठानं खाल्ले, गुडघे वयानं. त्यांची धाकटी बहीण, माझी गंगूआत्या, लग्न होऊन रोह्याच्या पुढं, डोंगराकडच्या एका गावात गेली. भाताची आणि वालाची शेती. ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणालाच खिळली. दोघांनाही ऐकू कमी. त्यामुळे फोनवर आधी इकडून "आं?", मग तिकडून "आं?", आणि शेवटी दोघंही "बरं बरं" म्हणून फोन ठेवून द्यायची.

"एकदा गंगूला डोळ्यांनी बघायची हाय," आप्पा म्हणायचे. "पण तो रस्ता! मधी ओहोळ, सगळे दगड. मागल्या खेपेला रिक्षावाला नाय म्हणाला."

झालं! माझ्यातला श्रावणबाळ जागा झाला. त्याच्याकडे कावड होती. मला फोर बाय फोर हवी होती.

"अहो, एक दिवस जीप भाड्यानं घ्या की," सुनंदा, माझी बायको, म्हणाली.

"भाड्याच्या जीपमधे आप्पांचे गुडघे राहतील का जागेवर?"

"मग बाळूभावजींना फोन करून विचारा तरी, रस्ता कसा आहे आता." (बाळू म्हणजे आत्याचा मुलगा.)

"फोन केला तर आत्याला कळेल. तिला अचानक खूश करायचंय!"

मी डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. दिवसभर मशीन तपासून सही करणारा माणूस! मला गाडीतलं काय कळतं, असं कोण म्हणेल? (सगळेच म्हणाले.)

गाडी मिळाली रोह्याजवळ, वरश्याला. विलायती, काळीभोर, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी. मालक फार गोड बोलणारा होता.

"साहेब, वाळवंटात चालते ही."

"आणि चिखलात?"

"वाळवंटात चालते म्हटल्यावर चिखल काय!"

मला ते पटलं. मी हॉर्न वाजवला, एसी लावला, पाठ चोळणारी सीट चालू करून तिच्यावर बराच वेळ डोळे मिटून बसलो. गाडीच्या खाली वाकून बघितलं नाही, कारण पँट इस्त्रीची होती. मग मालकानंच मला कॉलनीतल्या गुळगुळीत रस्त्यावरून गोल गोल फिरवलं. समोर एक पिवळा दिवा सारखा लुकलुकत होता.

"हा कसला?"

"तो असतोच."

एवढ्या आत्मविश्वासानं सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल?

गाडी घरी आली आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की जिच्यात आप्पांना बसवायचं तिच्यात आप्पांना चढताच येत नाही. पायरी त्यांच्या कमरेशी! स्टूल ठेवलं, ते डगमगलं. मी मागून ढकललं, तर "अरे पडीन! अरे पडीन!" शेवटी मला ते बटण सापडलं. या गाडीत स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या. बटण दाबलं की फुस्स करून गाडी खाली बसायची.

"बसली रे! म्हशीसारखी बसली!" आप्पा लहान पोरासारखे हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. मी सुनंदाकडे विजयी नजरेनं पाहिलं. ती गाडीकडे बघत होती. म्हैस उठायला बराच वेळ घेत होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. आप्पांनी धुवट टोपी घातली होती आणि मांडीवर खडेमिठाची पिशवी धरली होती. "गंगूला पाकिटातलं मीठ चालत नाय," असं त्यांनी मला वडखळला सांगितलं, नागोठण्याला सांगितलं आणि रोह्यात कुंडलिकेच्या पुलावर पुन्हा सांगितलं. पुलावर त्यांना वारा लागावा म्हणून मी छताची काच उघडली. ती परत मिटली नाही. "ती तशीच असते," मी म्हणालो. (मीही आता मालक झालो होतो!)

मग आला तो ओहोळ. कालव्याला पाणी सोडलेलं, त्यामुळे थंडीतही चिखल होता. दोन्ही बाजूंना उंच बांध. मी फोर बाय फोरचं बटण दाबलं आणि राजासारखी गाडी आत घातली. बरोबर मधोमध गेल्यावर ती म्हणाली, "फुस्स."

बसली. पोटावर, चिखलात, ठाण मांडून. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, अगदी गणपतीची आरास, आणि एकदम विझले. काचा खाली होईनात. दारं दोन्ही बांधांना टेकून घट्ट! उरली ती छताची खिडकी. मी सीटवर उभा राहिलो, हात वर काढले, डोकं काढलं, आणि पोटाशी अडकलो.

"आप्पा, ढकला!"

आप्पांनी खालून काठी लावली. कुठं लावली ते सांगत नाही, पण मी सुटलो.

टपावर उभा राहून मी हाका मारल्या. वालाच्या शेतातून एक माणूस धावत आला. तो बाळूच निघाला. त्यानं गाडी पाहिली, मला पाहिलं, काचेआडच्या आप्पांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, इकडून कशाला आलास?"

"रस्ता हाच ना?"

"अरे, पुढून डांबरी झालाय की! रिक्षा पार दारात येते. एक फोन तरी करायचास!"

मी खाली काचेकडे बघितलं. आप्पांना ऐकू गेलं नव्हतं. बरं वाटलं मला.

बाळू ट्रॅक्टर आणायला गेला. पण ट्रॅक्टरच्या आधी आली ती आत्या. "दादूस आलाय ना? मग मला न्या," म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या दोन पुतण्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून तिला बांधावर आणून ठेवलं. किती लहान झाली होती! खुर्चीत नुसतं लुगडं ठेवल्यासारखी. तिनं पुढं वाकून काचेवर हात ठेवला. आतून आप्पांनी त्याच जागी आपला हात ठेवला. दोघांचे ओठ हलत होते, आणि दोघंही एकमेकांना "आं?" म्हणत होती.

मग टपावरून मी दुभाषा झालो.

"आप्पा, आत्या विचारते, गुडघा कसा आहे!"

"काय?"

"गुडघा!"

"हाय! तिला विचार, जेवते का?"

"आत्या, जेवतेस का?"

"तो का रडतो, ते विचार आधी!"

"आप्पा, तुम्ही का..." आणि तिथं दुभाष्यानं बाहीनं स्वतःचेच डोळे पुसले.

ट्रॅक्टरनं गाडी ओढून शेतात काढली. दार उघडलं तशी आप्पांनी पहिली ती मिठाची पिशवी पुढं केली. "घे गो." आत्यानं एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आपल्याच आगरातलं." मग म्हणाली, "मलापण बसव." गाडी पोटावर बसलेली असल्यामुळे आत्याला आत ठेवायला काहीच कष्ट पडले नाहीत. (एवढ्या महागड्या गाडीचा हा एकमेव फायदा मी नोंदवून ठेवतो.) ट्रॅक्टर पुढं, गाडी मागं, अशी त्या दोघांची वरात निघाली. गाव रस्त्यावर आलं. आत्या डाव्या-उजव्या हातांनी सगळ्यांना नमस्कार करत होती, आणि स्टीअरिंगवर मी, इंजिन बंद असलेल्या गाडीचा ड्रायव्हर, उगाचच तोंड गंभीर करून बसलो होतो.

अंगणात पोचल्यावरही दोघं उतरली नाहीत. बाळूनं शेंगांचं मडकं जाळात घालून पोपटी लावली होती. मडक्यातल्या गरम वालाच्या शेंगा त्यांनी तिथंच, त्या परदेशी कातडी सीटवर सोलून खाल्ल्या. टरफलं पाठ चोळणाऱ्या सीटच्या फटीत गेली. उन्हं उतरेपर्यंत एकाचा हात दुसऱ्याच्या हातात होता. परतताना आप्पा पुढच्या डांबरी रस्त्यानं बाळूच्या टेम्पोतून आले, आणि मी त्यांच्या मागं, दोराला बांधलेला.

रोह्याच्या गॅरेजवाल्यानं पार्ट परदेशातून यायचाय असं सांगितलं. नंतर, तो आला पण दुसऱ्याच गाडीचा आला, असं सांगितलं. गाडी आमच्या अंगणात येऊन बसली ती बसलीच.

होळीच्या आधी एका सकाळी बाळूचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

मी नाक्यावरून सहा सीटर रिक्षा बोलावली. आप्पा एका हाकेत चढले. वडखळ, नागोठणे, रोहा, आणि पुढं तो काळा, सरळ, नवा रस्ता. ना ओहोळ, ना दगड. रिक्षा आत्याच्या दारात जाऊन थांबली. आप्पा उतरले नाहीत. मागं वळून रस्त्याकडे बघत राहिले.

"एवढंच लांब होतं?" त्यांनी विचारलं.

गाड्यांबद्दल मला कुणीही काहीही विचारावं, मी सांगेन. या प्रश्नाला मी रिक्षावाल्याचे सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर मी गाडी विकायला काढली. अलिबागहून एक गिऱ्हाईक आलं. माझ्यासारखं नव्हतं ते! जुना शर्ट घालून आलं होतं. बॅटरी घेऊन सरळ गाडीखाली झोपलं, गंज खरवडला, हवेच्या पिशव्या चाचपल्या, कागद उलटसुलट वाचले, त्या पिवळ्या दिव्याबद्दल मला चार प्रश्न विचारले. मी सगळं खरं सांगितलं. तरी बिचारा घ्यायला तयार झाला. मग त्यानं मागचं दार उघडलं. आत आप्पा बसले होते, टोपी घालून.

"आजोबा, जरा उतरता का? गाडी घेतोय मी."

"घे," आप्पा म्हणाले. "पण मी नाय उतरणार. हितं गंगू बसली होती."

गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं. "हे जाहिरातीत नव्हतं," असं म्हणून तो हळूच दार लावून निघून गेला.

मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मागून आप्पांनी माझ्या खांद्यावर काठी टेकवली.

"कुठं नेतोस?"

मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. कुठंही जाणाऱ्या त्या गाडीचा मी अधिकृत मालक! स्टीअरिंग दोन्ही हातांनी नीट धरलं, आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो,

"पोचलो आप्पा."