मागे रेलणारे नानाजी

नानाजी गाडीत बसत नसत, लवंडत. पवनीच्या बाजारातून त्यांची लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार जाई तेव्हा बाहेरून फक्त गॉगल आणि कपाळ दिसे. उंची पाच फुटांच्या आसपास. सीट मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे. ज्या नागपूरकराकडून त्यांनी ती जुनी गाडी घेतली तो ताडमाड होता. त्याने ठेवली तिथेच सीट राहिली. कोणी कारण विचारलेच तर नानाजी सांगत, "पुढं सरकून बसते तो डायवर. मांगं रेलून बसते तो मालक."

ते खरोखरच मालक होते. कोंढ्याच्या रस्त्यावर राइस मिल, दाराशी चार ट्रक. धान घेऊन आलेल्याने त्यांच्यासमोर उभ्यानेच बोलायचे, असा नियम कोणी केला नव्हता; मोडलाही नव्हता. मी तेव्हा तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. नानाजींचा शब्द कोणी खोडल्याची बातमी मला कधी मिळाली नाही.

गाडीने मात्र खोडला. पहिला गिअर टाकताना करकर होई. रिव्हर्स पडतच नसे; पडला तर गाडी हिसका देऊन बंद. ती गजाननच्या गॅरेजात गेली. मिलचे ट्रकही त्याच्याकडेच येत आणि त्याचे घर त्यांच्यावरच चाले. त्याने इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, क्लच पूर्ण सुटत नाही. त्याने क्लचचे ऑइल बदलले, पाइपातली हवा काढली, सिलिंडर नवा घातला, शेवटी प्लेटही बदलली. मग सीट न हलवता स्वतः कोंढ्यापर्यंत चालवून आणली. गजानन उंच. गिअर दोन बोटांनी पडत होते.

नानाजी बसले आणि पुन्हा करकर. त्यांनी निदान केले, "यंत्राले धाक लागते. तुह्या हाताखाली लाडावली हे."

खरे निदान बाजारात सगळ्यांना ठाऊक होते. क्लच दाबताना नानाजींची टाच उचलली जाई, अंगठा ताणला जाई आणि पेडल अर्ध्यावर थांबे. पानठेल्यावर याची नक्कल चाले. नानाजी आले की तीच मंडळी रस्त्याच्या चढाला दोष देत. एकाने तर पेट्रोलला दिला. गजाननही गप्प होता. बिल लावायला मात्र तो चुकला नाही.

अखेर गॅरेजसमोर, लोकांच्या देखत हुकूम झाला: गिअरबॉक्स उतरव, आणि यानंतर आवाज आला तर ट्रक भंडाऱ्याच्या गॅरेजला. गिअरबॉक्स उतरवूनही आवाज येणारच होता. खरे बोलले तरी ट्रक जाणारच होते. गजाननने फडक्याला हात पुसले.

"नानाजी, गाडीत खराबी नाही जी. तुमचा पाय पुरत नाही. सीट पुढं घ्या."

कोणी हसले नाही. नानाजींनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. "ट्रक उद्या भंडाऱ्याले जातीन," एवढे बोलून ते गाडीत लवंडले. रिव्हर्स पडेना. बरीच करकर झाल्यावर ते उतरले आणि पायी घरी गेले.

ट्रक गेले. कारला ड्रायव्हर आला आणि नानाजी त्याच्या शेजारी रेलून फिरू लागले. गिअर मुकाट पडू लागले. भंडाऱ्याच्या मिस्त्रीने नुसता हात लावला आणि गाडी सुधारली, असे ते सांगत. बाजार मान डोलवी. गजानन मोपेड दुरुस्त करू लागला.

ऐन हंगामात मिलचा एक ट्रक पवनीच्या वेशीवरच धानासह बसला. भंडारा लांब होते. मिलचे मुनीम गॅरेजात आले, चहा नको म्हणाले आणि उभ्यानेच निरोप सांगितला, "नानाजीनं सांगतलं, त्या दिवशी तू जे बोलला ते त्यायले आयकूच आलं नाही."

गजाननने पाने-पकडी पिशवीत भरल्या.

"मी बी कुठं काई बोललो होतो?"