कीर्दबाईंनी न खोडलेली ओळ

वाशिमच्या आमच्या जिनिंग सोसायटीच्या कचेरीत कीर्दबाई तीन रकान्यांची बेरीज एकदम करायच्या. बोट खाली सरकत असायचं, तोंडानं खिडकीतल्या माणसाशी गप्पा चालू असायच्या, आणि तळाचा आकडा बरोबर यायचा. त्या उठून गेल्या की मी ती बेरीज चोरून तपासायची. एकदा तरी चुकावी, एवढीच माझी इच्छा असे.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली, कॉमर्सची पदवी इंग्रजीतून घेतलेली. वार्षिक अहवाल टाइप करायला मला ठेवलं होतं. त्या अनसिंगच्या, मॅट्रिक झालेल्या. रोजच्या जमाखर्चाची वही, म्हणजे कीर्द, त्या लिहीत, म्हणून कीर्दबाई. दुपारच्या सुटीत जिनात कापूस टाकणाऱ्या बाया केसांतली रुई झटकत त्यांच्याच टेबलाभोवती भाकरी सोडत.

"मॅडम, तुमीबी या ना," कुणीतरी म्हणे.

"राहू दे वं, तिले ठेचा झोंबते," कीर्दबाई म्हणत, आणि सगळ्या हसत.

मला ठेचा फार आवडायचा. हे मी कधी सांगितलं नाही.

एका हंगामात त्या बायांपैकी राधाच्या उजव्या हाताची दोन बोटं जिनात गेली. अध्यक्षांनी तिच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि ती रक्कम यंत्रदुरुस्तीत टाकायला सांगितली. अपघात वहीत आला असता, तर कायद्यानं पुरी भरपाई द्यावी लागली असती. मी 'रिपेअर्स' टाइप करून मोकळी झाले. कीर्दबाईंनी मात्र लिहिलं : राधा, जिनावर अपघात, दोन बोटं गेली, भरपाईपैकी दोनशे.

अध्यक्ष टेबलापाशी आले. "खोडा ते."

"कीर्दीत खोडता येत नाही, साहेब. उलटी नोंद करा लागते. मी लिहून देते, खाली सही तुमची."

"कायची सही?"

"बाईचा हात म्हंजे मशीन होती म्हून."

अध्यक्षांनी सही केली नाही. ओळ राहिली. ऑडिटरनं ती वाचली, चौकशी लागली, आणि राधाला भरपाई मिळाली. महिन्याभरात कीर्दबाईंची बदली मानोऱ्याच्या खरेदी केंद्रावर झाली. त्यांची खुर्ची मला मिळाली. बदलीचा हुकूम मीच टाइप केला. एकही चूक न करता, जरा घाईनंच.

जायच्या दिवशी त्यांनी कपाटाच्या चाव्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तुले ठाऊक होतं ना पोरी, ते दुरुस्ती नव्हती म्हून?"

"मला मराठी कीर्द वाचता येत नाही," मी म्हणाले. वर्षभर मी तीच वाचत आले होते.

"मंग मले इचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "शिकवलं असतं."

त्यांनी माझं खरं मानलं होतं की मला सांभाळून घेतलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या क्षणी त्यांचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता.

बाहेर राधा थांबली होती. तिनं डाव्या हातानं त्यांची पिशवी उचलली आणि दोघी बोलत बोलत बसस्टँडकडे निघाल्या.