जाळीपलीकडची चिंगी

प्राणिसंग्रहालयात जाऊन जनावराऐवजी जाळीचा फोटो काढणारा, तो सोनेरी चौकटीत बसवणारा आणि वर लोकांना वास्तुशांतीत आहेर म्हणून देणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे थोरल्या ताईंचे, हे यजमान. राहायला सांगलीत, कुपवाडला तारेची जाळी विणायचा स्वतःचा कारखाना आणि शिराळ्याकडे वडिलोपार्जित ऊस. घरातले बाकी सगळे त्यांना दाजी म्हणतात, मी साडूभाऊ म्हणतो, आणि ते मला, लग्नाला एवढी वर्षं उलटली तरी, पाव्हणंच म्हणतात.

साडूभाऊंना जगात आधी जाळी दिसते, मग बाकीचं. कुठल्याही गावाला न्या, लोक देवळाचा कळस बघतात, हे कुंपण बघतात. तार दोन बोटांत धरून ओढतात, नखानं टिचकी मारून आवाज ऐकतात आणि ‘हलकी हाय’ किंवा ‘बरी हाय’ असा निकाल देऊन मगच चपला काढतात. आमच्या साताऱ्याच्या घराची वास्तुशांत चालली होती, गुरुजी आहुत्या टाकायला सांगत होते, आणि साडूभाऊ बाहेर कंपाउंडपाशी उकिडवे बसले होते. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, “पाव्हणं, ही जाळी कुणी गळ्यात मारली तुमच्या? हितनं मुंगूस आत यील, दुपारची झोप काढंल आन् च्या पिऊन जाईल.” पुढच्याच आठवड्यात कुपवाडहून टेंपो आला, दोन माणसं उतरली आणि न विचारता आमचं कुंपण बदलून गेली. एकेक पीळ चांदीसारखा चकाकत होता. त्या चकाकीवर साडूभाऊंचा फार जीव. “पावसात ठिवा, धा वर्सानं बघा. नवरीच्या पैंजणावानी दिसंल,” असं ते गिऱ्हाइकाला सांगतात.

अशा माणसाचं आणि बिबट्याचं नातं जुळलं ते उसामुळे. शिराळ्याच्या फडात तोड चालली असताना तोडकऱ्यांना पाचटात दोन बछडी सापडली. वनखात्याची माणसं आली, त्यांनी सगळ्यांना लांब हटवलं आणि बछडी आहे तिथेच एका क्रेटमध्ये ठेवली, म्हणजे आई येऊन घेऊन जाईल. आई आली, एकाला तोंडात धरून घेऊन गेली, आणि दुसरीसाठी परत आलीच नाही. साडूभाऊ तेवढे दिवस शेतातल्या खोलीवर मुक्काम ठोकून होते. शेवटी ती बछडी प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं, तेव्हा गाडी सुटायच्या आधी त्यांनी तिचं नाव चिंगी ठेवलं आणि गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवला. थोरल्या ताई सांगतात, “गाडी वळणावर गेली तरी हे आपले हात हलवत उभे. दोन्ही पोरं फौजेत भरती झाली तवा सुदिक एवढं केलं न्हवतं.” दोन मुलगे आहेत, सोन्यासारखे आहेत. लेक मात्र नाही. त्याविषयी साडूभाऊ कधी बोलत नाहीत, पण त्या दिवसापासून ते चिंगीचं माहेर झाले एवढं खरं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. प्राणिसंग्रहालयाला ते चिंगीचं सासरच म्हणतात. तिथे पिंजऱ्यावर पाटी लागली ‘राजलक्ष्मी’. माझी बायको म्हणाली, “दाजी, तुमच्या चिंगीचं नाव बदललं की!” तर म्हणाले, “सासरी नाव बदलतंच. तुझं काय ऱ्हायलं व्हय?” दर दोन महिन्यांनी ते तिला बघायला जातात आणि रिकाम्या हातानं जात नाहीत. जनावराला बाहेरचं काही घालायची मनाई, म्हणून तिच्या सासरच्या मंडळींना भडंग आणि बेदाणे. मी बरोबर असलो तर साताऱ्याहून कंदी पेढे आणायची जबाबदारी माझी. तिथल्या अधिकारी मॅडमना ते ‘इहीणबाई’ म्हणतात. मॅडम पहिल्यांदा भडकल्या, दुसऱ्यांदा हसल्या आणि आता “काय व्याही, प्रवास कसा झाला?” असं स्वतःच विचारतात. चिंगीला खायला घालणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांना बाजूला घेऊन साडूभाऊ हळू आवाजात चौकशी करतात, “जेवती का नीट? शेजारच्या पिंजऱ्यातला लांडगा तरास तर दीत न्हाई?”

आता खरी गंमत ऐका. चिंगीसाठी नवा मोठा पिंजरा होत होता तेव्हा त्याची जाळी साडूभाऊंनी कुपवाडहून फुकट पाठवली. “लेकीच्या रुखवताचं कुणी पैसं घितं का?” असं म्हणून बिलाचा विषयच काढू दिला नाही. आणि रुखवत म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? तार जाड घेतली. जाळीचे डोळे लहान ठेवले, म्हणजे पोरीचा पंजा अडकायला नको. वरून कावळे येऊन तिच्या ताटातलं पळवतील म्हणून छपरालाही तीच जाळी. आणि चकाकी दुप्पट. पिंजरा तयार झाल्यावर उन्हात असा लखलखायचा की आत काय आहे ते बघायला कपाळावर हात धरावा लागे.

त्याच सुमाराला मोठ्या मुलानं फौजेच्या कँटीनमधून त्यांना कॅमेरा आणून दिला, आणि साडूभाऊ लेकीचे फोटो काढू लागले. प्रत्येक फोटोत जाळी अशी स्वच्छ की तारेचे पीळ मोजून घ्यावेत, आणि मागे कुठेतरी हळद सांडल्यासारखा पिवळा डाग. सांगलीपासून कऱ्हाडपर्यंतच्या नातेवाइकांच्या भिंतींवर हे डाग आहेत. आमच्याकडे दोन आहेत. माझ्या बायकोनं एकदा न राहवून विचारलं, “दाजी, ह्यात बिबट्या कुठाय?” साडूभाऊ चष्मा वर सरकवत म्हणाले, “ही काय बसली! पर तू आधी जाळी बघ की. एक डोळा वाकडा दावून दे.”

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग एका सकाळी मला फोन आला. चिंगीची बदली झाली होती. परराज्यातल्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात तिला पाठवणार होते, तिच्या बदल्यात इकडे अस्वलं येणार होती. साडूभाऊ म्हणाले, “पाव्हणं, पोरगी लय लांब चालली. आता जाणं हुयाचं न्हाई. जायच्या आधी तिचा एक फोटो पायजे. मधी तार नको. तिनं माझ्याकडं बघितलेला.”

“तुमच्याकडेच कशाला?”

“ती मला वळखती. हितं कुणाला पटत न्हाई. फोटोत दिसंल.”

मागून थोरल्या ताईंचा आवाज आला, “वळखती तर हाक मारल्यावर येत का न्हाई?”

“सासरी लाजती!” साडूभाऊ तिकडे ओरडले, आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस धामधुमीचे गेले. साडूभाऊंनी आधी लांबून प्रयत्न केला, तर जाळी आणखी बारीक आणि आणखी दाट आली. मग काठीला मोबाइल बांधून जाळीच्या वरून फोटो घ्यायला गेले, तर वर छप्पर, त्याला जाळी, तीही स्वतःचीच. सांगलीतल्या एका स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर जाळी खोडून दिली, पण तारांबरोबर चिंगीच्या मिश्याही खोडल्या. शेवटी धाकट्या मुलानं सुट्टीवर आल्यावर मोबाइलमध्ये जाळी आपोआप पुसणारं काहीतरी घालून दिलं. त्यानं जाळी पुसली आणि रिकाम्या जागा स्वतःच्या मनानं भरल्या. चिंगीला तीन कान आले आणि चेहऱ्यावर एक खानदानी हसू. साडूभाऊंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मोबाइल मुलाच्या हातात परत दिला. “ही चिंगी न्हवं. हिची जाऊबाई असंल.”

मला अर्धवट काम बघवत नाही. मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं, आणि एका कागदावर मुद्दे काढून सांगलीला गेलो. कॅमेरा जाळीला अगदी चिकटवायचा. जनावर जाळीपासून लांब, मागच्या बाजूला असताना फोटो घ्यायचा. जाळीवर ऊन पडू द्यायचं नाही. इथवर साडूभाऊ मान हलवत होते. शेवटचा मुद्दा मी जरा घसा खाकरून वाचला: “तार काळी असली तर फोटोत विरघळते. चकाकणारी तार कधीच जात नाही.”

साडूभाऊंनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि घडी करून मला परत दिला. “म्हंजी मी दिलेलं रुखवतच आडवं आलं म्हणा की,” ते म्हणाले.

परवानगीचं मी बघितलं. पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला आणि मॅडमना सगळं समजावून सांगितलं. चिंगीला आतल्या खोलीत घेऊन, बाहेरच्या जाळीचा थाळीएवढा तुकडा काळा करायचा, रंग पुरता वाळला की तिला बाहेर सोडायचं, आणि मामा आसपास हवेत, या अटीवर त्या तयार झाल्या. ठरलेल्या दिवशी साडूभाऊ, ताई आणि मी पिंजऱ्यासमोरच्या रेलिंगच्या आत गेलो. साडूभाऊंनी ब्रश डब्यात बुडवला, जाळीपर्यंत नेला, आणि हात तसाच थांबला. ज्या माणसानं जन्मभर चकाकी विकली, त्याला स्वतःच्या हातानं ती काळी करायची होती.

“आवं लावा की,” थोरल्या ताई म्हणाल्या. “जाळीच हाय, पोरीचं तोंड काळं करायला सांगत न्हाई कुणी.”

मग त्यांनी लावला. तोही असा निगुतीनं, की थाळीबाहेर एक थेंब गेला नाही. रंग वाळला, चिंगी बाहेर आली, आणि मागच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून झोपली. साडूभाऊ कॅमेरा जाळीला लावून गुडघ्यावर बसले. ऊन अडवायला ताईंनी काळी छत्री धरली. ते तोल जाऊन जाळीवर आपटू नयेत म्हणून मी मागून त्यांचा पट्टा धरला. “चिंगे! ए चिंगे! आगं बग की हिकडं!” अशा हाका सुरू झाल्या. रेलिंगच्या पलीकडे गर्दी जमली. कुणाला काही ठाऊक नसताना सगळे हाका मारू लागले. इस्लामपूरच्या एका बाईंनी तर, “आगं बाई, बाप हाक मारतोय तुझा!” अशी वकिलीही केली. चिंगीनं शेपटीचं टोक हलवलं, तेवढंच. ताईंनी छत्रीचा हात तीनदा बदलला, पण कुणी हललं नाही.

आणि अचानक ती उठली. कान ताठ झाले, मान वळली, आणि पिवळेधमक डोळे सरळ आमच्यावर रोखून ती पाहू लागली. कॅमेरा वाजला. साडूभाऊ तसेच मागे माझ्या अंगावर पडले. “बगितलंसा? बगितलंसा पाव्हणं? वळखलं पोरीनं!” गर्दीनं टाळ्या वाजवल्या. फोटोत तार नव्हती. उसाच्या बांधावर समोरासमोर गाठ पडावी अशी चिंगी उभी होती. परतीच्या वाटेवर साडूभाऊंनी भेटेल त्याला तो फोटो दाखवला, आणि घाटात चहा प्यायला थांबलो तेव्हा तिथली जाळी ओढून बघायलाही विसरले.

चिंगी गेली. महिन्याभरानं मी कामासाठी सांगलीला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी तो फोटो मोठा करून, दोन्ही मुलांच्या वर्दीतल्या फोटोंच्या मधोमध लावला होता. साडूभाऊ त्याच्यासमोर उभे होते. मोठा केल्यावर एक गोष्ट नीट दिसत होती. चिंगीची नजर कॅमेऱ्याच्या जराशी वरून, खांद्यापलीकडे गेली होती.

“पाव्हणं,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तवा माझ्या मागं कोण हुतं वो?”

कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. हेही होतं. “मामा,” मी म्हणालो.

“बादली घिऊन?”

“हो. नुकतेच आले होते.”

साडूभाऊ फोटोच्या आणखी जवळ गेले. मला वाटलं, आता फोटो उतरवतील. पण ते हळूहळू हसू लागले, आणि हसता हसता सदऱ्याच्या बाहीनं काचेवरची धूळ पुसली.

“व्हय की. जेवणाची येळ हुती,” ते म्हणाले. “लेक म्हायेरी आली म्हंजी उंबऱ्यातनं आदी चुलीकडंच बघती, पाव्हणं. बापाचं काय, बाप कुटं जातोय?”

आतून ताईंनी चहाला हाक मारली. साडूभाऊ वळले, दारापर्यंत गेले आणि पुन्हा थांबले.

“तिकडं येळंवर घालत असतील न्हवं तिला?”

“घालत असतील,” मी म्हणालो.