मकर राशीची दोन वर्षं

खवा आटला की नाही हे पुंजारामभाऊ नाकानं ओळखायचे आणि साखर जिभेनं. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला तीस वर्षं त्यांचं पेढ्याचं दुकान. आता कढईतला पहिला पेढा त्यांची बायको छबूबाई चाखते, आणि खरं सांगायचं तर तिला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

आठ वर्षं पोटाच्या दुखण्यानं भाऊ पिळवटून निघाले होते. जन्मात दारूचा थेंब नाही, तरी स्वादुपिंडाला सूज. २०२३ च्या सुरुवातीला पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. स्वादुपिंड काढावं लागेल. ते काढलं की मधुमेह ठरलेला. पण त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या करून तुमच्याच यकृतात सोडता येतात, मग कदाचित मधुमेह टळेल. मात्र पेशी शाबूत आहेत तोवर या.

घरी येऊन छबूबाईनं पंचांग काढलं. मकर रास, साडेसातीचा शेवटचा टप्पा. शनीच्या शेजारी जन्म गेलेली बाई ती, साडेसातीत नवऱ्याच्या पोटाला सुरी लावू देते होय!

"पंचवीसचा पाडवा होऊ द्या. मग काय कापायचं ते कापा."

भाऊंनी मुकाट मान डोलावली. दोन वर्षं दर शनिवारी तेल वाहिलं आणि पोटाशी उशी दाबून पेढे वळले.

शनी हलला, ऑपरेशन झालं, दुखणं गेलं. पण तोवर स्वादुपिंड दगडासारखं झालेलं. पेशी हाती लागल्या त्या अगदीच थोड्या, मधुमेह काही टळला नाही.

"इतका उशीर का केलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच भ्यालो, साहेब."

छबूबाई शेजारीच उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तेच तिला आजही खातं.

रोज चार वेळा इन्सुलिन तीच टोचते. परवा सुई हातात धरून ती रडलीच.

"मीच थांबवलं तुमाला. आन डॉक्टरपुढं गप बसले."

भाऊंनी वर धरलेला सदरा खाली सोडला.

"मी खोटं न्हवतो बोललो, छबू. लई भ्याव वाटत हुतं. तू पंचांग काढलंस आन मला सुटल्यावानी झालं. तुझ्याआड लपलो मी."

"एकदा म्हनायचं की वो! पंचांग फेकून हाताला धरून नेलं असतं तुमाला."

"ठाव हुतं," भाऊ म्हणाले. "म्हनून तर म्हनलो न्हाई."